घरी आणलेले ‘करंटचे यंत्र’: चार महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आषाढात भुईमुगाच्या भांगलणीसाठी सलग दोन दिवस उकिडवे बसल्यानंतर माझ्या पत्नीचे उजवे पाऊल वर उचलेनासे झाले. वेदना जवळजवळ नव्हतीच. पण चालताना पुढचा चवडा जमिनीला घासे, चप्पल पायातून निसटून मागे राही आणि उंबरा ओलांडताना गुडघा नको तितका वर घ्यावा लागे. खानापूर तालुक्यातील आमच्या गावात अशा तक्रारीला ‘शीर आखडली’ म्हणतात आणि गरम तेलाने चोळतात. आम्हीही आठवडाभर तेच केले. त्यानंतर बेळगावच्या मज्जातंतुतज्ज्ञांकडे जाणे, तिसऱ्या आठवड्यात झालेली नसांची विद्युत तपासणी, तिथून फिजिओथेरपी आणि शेवटी घरी आणलेले एक छोटे विद्युत-उत्तेजन यंत्र, असा प्रवास झाला. हे परीक्षण त्या यंत्राचे आहे. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो असल्यामुळे ते यंत्र जे करते ते का करते हे समजून घेतल्याशिवाय मला त्याविषयी चांगले-वाईट लिहिता येणार नाही, तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा.

यंत्राचे नाव देत नाही, कारण त्याला खरे तर नाव नाही. हाच करडा डबा, ह्याच दोन गोल खुंट्या आणि हीच चार पॅडे मला बेळगावातील दोन दुकानांत दोन वेगळ्या लेबलांखाली दिसली. मी साडेचार हजार रुपये मोजले. तळहातावर मावणारे, नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालणारे, दोन वाहिन्यांचे हे यंत्र दोन कामांसाठी विकले जाते: एक, त्वचेवरून मज्जातंतूंना सौम्य करंट देऊन दुखणे कमी करणे, ज्याला सगळे ‘टेन्स’ म्हणतात, आणि दुसरे, स्नायू आकुंचन पावेल इतका करंट देऊन त्याच्याकडून काम करवून घेणे. खोक्यावर मात्र ह्या दोन्हींबरोबर ‘पक्षाघात’ आणि ‘नस तुटणे’ असेही छापलेले आहे. त्याबद्दल पुढे लिहितो, कारण माझी मुख्य तक्रार तिथेच आहे.

गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला बोटाला लागणारी हाडाची एक गाठ असते. तिच्या खालच्या मानेला वळसा घालून पेरोनियल मज्जातंतू पायात उतरतो, आणि तिथे त्याच्या अंगावर कातडीखेरीज फारसे काही नसते. तासन्‌तास उकिडवे बसल्यावर तो तिथेच दबतो. तपासणीत असे दिसले की गाठीच्या खाली करंट दिला तर पावलाचे स्नायू चांगला प्रतिसाद देतात, आणि गाठीच्या वर दिला तर तो प्रतिसाद फारच उणा पडतो. म्हणजे तंतू तुटला नव्हता, फक्त त्या एका जागी निरोप अडत होता. विहिरीवरून सोडलेल्या पाटात मध्ये ढेकूळ अडकले, तर पुढचा पाट आणि वाफे शाबूत असूनही कोरडे राहतात, तसाच हा प्रकार. ढेकळाच्या पुढे कोणी घागरभर पाणी ओतले, तर वाफा भिजतोच. पॅडे बरोबर जागी लागली त्या दिवशी आमच्या घरातल्या यंत्राने जे केले ते एवढेच होते, पण दोन महिन्यांपासून लोंबणारे पाऊल आपल्या डोळ्यांदेखत वर येताना पाहून पत्नीच्या डोळ्यांत पाणी आले, हे मी लपवणार नाही.

ही घागर नेमकी कशी ओतली जाते? मज्जातंतूचा प्रत्येक धागा आपल्या आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे सत्तर मिलिव्होल्ट ऋण राखून असतो. त्वचेवर ठेवलेल्या दोन पॅडांपैकी जे ऋण असते, त्याच्याखाली हा फरक कमी होऊ लागतो, आणि तो एका ठरावीक उंबरठ्याच्या खाली आला की धाग्यात आपोआप एक लाट उठून दोन्ही दिशांना धावते. ही लाट एक तर पूर्ण उठते, नाही तर मुळीच उठत नाही. खुंटी अधिक फिरवली म्हणजे प्रत्येक धागा अधिक जोराने ओरडतो असे नव्हे. ओरडणाऱ्या धाग्यांची संख्या वाढते. हे एकदा समजले की खुंटीवरच्या आकड्यांचा मोह आपोआप कमी होतो.

उंबरठा ओलांडायला किती करंट लागेल हे तो किती वेळ दिला जातो त्यावर अवलंबून असते. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ लापिक यांनी 1909 साली ह्या नात्याला दोन मापे दिली. कितीही वेळ दिला तरी ज्याच्या खाली उत्तेजन होणारच नाही, तो किमान करंट म्हणजे रिओबेस. आणि त्याच्या दुप्पट करंट दिल्यास जेवढा वेळ पुरेसा होतो ती क्रोनॅक्सी. जिवंत मज्जातंतूसाठी हा काळ एका मिलिसेकंदाहूनही लहान असतो. म्हणूनच आमचे यंत्र करंटचे जास्तीत जास्त तीनशे मायक्रोसेकंद रुंदीचे, म्हणजे तेवढाच वेळ टिकणारे, ठोके देऊनही पाऊल हलवू शकते. मात्र ज्या स्नायूचा मज्जातंतू खरोखरच तुटून मेलेला आहे, त्या स्नायूला स्वतःच्या धाग्यांवर थेट उत्तेजन घ्यावे लागते. त्याची क्रोनॅक्सी कित्येक पट मोठी असते आणि त्याला हलवायला शंभर मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक रुंदीचे ठोके द्यावे लागतात. शंभर मिलिसेकंद म्हणजे एक लाख मायक्रोसेकंद. तीनशे कुठे आणि एक लाख कुठे!

हा हिशेब कागदावरच राहिला असता. पण आमच्या यंत्राची कीर्ती गावात पसरली आणि ऊसतोडीत कोपराजवळ कोयत्याने मज्जातंतू कापला गेलेला, शस्त्रक्रियेने तो जोडून घेतलेला एक तरुण ते दोन दिवसांसाठी मागायला आला. माझ्यासमोरच त्याने हातावर पॅडे लावली. खुंटी वर नेत नेत त्याला आधी मुंग्या, मग चटका जाणवला, पण करंगळीच्या बाजूचा एकही स्नायू हलला नाही. यंत्र बिघडलेले नव्हते आणि त्याचा हातही ‘कायमचा गेला’ नव्हता. जोडलेला मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. कोपरापासून पंजापर्यंत पोहोचायला त्याला वर्षाच्या आसपास वेळ लागणार आहे. तोवर ह्या यंत्राला त्या स्नायूशी बोलण्याची भाषाच अवगत नाही. असे असताना खोक्यावर ‘नस तुटणे’ असे छापणे ही मला उघड फसवणूक वाटते, आणि ज्या दुकानदाराने मला ‘सर, कुठल्याबी नसेला चालतंय बघा’ असे सांगितले, त्यालाही मी परत जाऊन हेच सांगितले. त्याने खोका उलटा करून ठेवला, इतकेच.

आता वापराबद्दल. सोबतची पुस्तिका इंग्रजीत, तीही बहुधा चिनीतून उतरवलेल्या इंग्रजीत आहे. मराठी नाही, कन्नडही नाही. पाऊल उचलण्यासाठी पॅड कुठे लावावे हे दाखवणारे चित्र इतके ढोबळ आहे की त्याप्रमाणे लावल्यावर पत्नीचे पाऊल वर येण्याऐवजी बाहेरच्या बाजूला वळले. आम्ही तीन दिवस असेच केले आणि ‘होतंय की काहीतरी’ म्हणून समाधान मानले. चौथ्या दिवशी टिळकवाडीतील आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी ते पाहिले आणि हसून कपाळावर हात मारला. त्या मूळच्या कन्नड भाषक, मराठी आमच्याच वळणाची. म्हणाल्या, “सर, मशीन चांगलं आहे की. पण पॅड कुठं लावतासा त्यावर सगळं हाय.” मग त्यांनी पेनासारख्या एका बारीक इलेक्ट्रोडने नडगीच्या बाहेरच्या बाजूने शोधत जाऊन ज्या बिंदूवर सर्वांत कमी करंटला स्नायू उडी मारतो तो बिंदू बॉलपेनने खुणावून दिला. ह्या प्रेरक बिंदूंचा नकाशा मांडण्याचे श्रेय ड्युशेन या फ्रेंच डॉक्टरकडे जाते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांनी हे काम केले. काळ्या वायरीचे पॅड गाठीच्या किंचित खाली आणि लाल वायरीचे खुणेवर लावले. पाऊल पुन्हा बाहेर वळू लागले तर दोन्ही पॅडे नडगीच्या हाडाकडे बोटभर सरकवायची, कारण तेथे पाऊल आत व वर ओढणारा स्नायू असतो. ह्या एका बोटभर अंतरासाठी साडेचार हजारांच्या वर फिजिओच्या सहा फेऱ्यांचे पैसे आणि खानापूर–बेळगाव बसची तिकिटे पडली, आणि त्यातला एक पैसाही वाया गेला असे मला वाटत नाही.

त्यांनी लिहून दिलेली मापे अशी होती: रुंदी तीनशे मायक्रोसेकंद, सेकंदाला पस्तीस ठोके, पाच सेकंद चालू, पंधरा सेकंद बंद, सुरुवातीची चढण दोन सेकंदांची, पंधरा मिनिटे, दिवसातून दोनदा. सेकंदाला चार-पाच ठोके दिले तर स्नायू नुसता फडफडतो. ठोके वाढवत गेले की फडफड एकमेकींत मिसळते आणि तिसाच्या पुढे आकुंचन घट्ट व सलग होते. शरीर स्वतः मात्र ह्याहून कमी ठोक्यांत तेच काम करते, कारण मेंदू स्नायूच्या गटांना आळीपाळीने कामाला लावतो, जशी पाण्याची पाळी एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते. यंत्राला पाळी लावता येत नाही. ते पॅडाखालच्या त्याच त्या धाग्यांना, एकाच वेळी, पुन्हा पुन्हा हाकारते, म्हणून स्नायू लवकर दमतो. पंधरा सेकंदांची विश्रांती त्यासाठी. मी उत्साहाच्या भरात एकदा ती पाच सेकंदांवर आणली, तेव्हा आठव्या मिनिटाला पाऊल वर येणे जवळजवळ थांबले आणि संध्याकाळपर्यंत नडगी ठणकत राहिली. बाईंनी आणखी एक अट घातली होती, ती पुस्तिकेत कुठेही नाही: करंट येईल तेव्हा काकूंनी मनानेही पाऊल उचलायचे. त्यासाठी त्या स्वतः मोजत, “ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु,” आणि आमच्या घरी शेवटपर्यंत तीच मोजणी चालली. मराठीत मोजले तर पत्नीला लय सापडत नसे.

शॉकची भीती अनेकांना वाटते, आम्हालाही वाटली. लेबलावर पाचशे ओहम भारावर ऐंशी मिलिअँपिअर असे लिहिलेले आहे. ओहमच्या नियमाने हा दाब चाळीस व्होल्टचा झाला. नऊ व्होल्टच्या बॅटरीतून यंत्र तो आतल्या आत चढवते. पण आम्ही वापरलेल्या चाळीस मिलिअँपिअरचा तीनशे मायक्रोसेकंदांचा एक ठोका म्हणजे अवघा बारा मायक्रोकुलंब विद्युतभार, आणि असे पस्तीस ठोके धरले तरी सरासरी अर्ध्या मिलिअँपिअरहूनही कमी. शिवाय प्रत्येक ठोक्याला उलट दिशेचा जोडीदार असतो. तो नसता तर एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटमुळे ऋण पॅडाखाली अल्क आणि धन पॅडाखाली आम्ल साचून कातडी रासायनिक रीतीने भाजली असती. एकाच दिशेने करंट देणाऱ्या जुन्या गॅल्व्हॅनिक यंत्रांवर मीठपाण्यात भिजवलेले जाड बोळे का वापरत, त्याचे एक कारण हेच.

खरा धोका दुसरीकडे आहे. हे यंत्र ठरवलेला करंट काहीही करून पोहोचवते. पाच सेंटिमीटरचे चौकोनी पॅड पूर्ण चिकटलेले असेल तर तो पंचवीस चौरस सेंटिमीटरवर पसरतो. पॅड सुकून अर्धे सुटले की तोच करंट अर्ध्या जागेतून घुसतो आणि सुईसारखे टोचते. पत्नीने सवयीने पायाला खोबरेल लावले होते, त्या दिवशी पॅड सुटले आणि तिने किंचाळून वायर ओढून काढली. तेव्हापासून साबणाने पाय धुऊन, पुसून, मगच पॅड, हा नियम. पॅडांचे आयुष्य हा ह्या यंत्राचा छुपा खर्च आहे. एक जोडी आमच्याकडे वीस-बावीस वेळा चालली. वापरून झाल्यावर थेंबभर पाणी लावून प्लास्टिकवर परत चिकटवली तर थोडी जास्त टिकते.

खुंट्यांबद्दल मी नाराज आहे. शून्यापासून दोनपर्यंत काहीच जाणवत नाही आणि तिथून पुढे केसभर फिरवले तरी एकदम उसळी येते. झाकण आहे, पण ते सैल आहे; उशीला लागून खुंटी फिरल्याचा प्रकार आमच्याकडे एकदा झाला. बटणाने पायरीपायरीने वाढणारे आणि कुलूप असलेले यंत्र हजारभर रुपये जास्त देऊन मिळते. मी पुन्हा घेतले तर तेच घेईन.

टेन्स म्हणूनही मी ते स्वतःच्या कंबरेवर महिनाभर वापरून पाहिले. मेल्झॅक आणि वॉल यांनी 1965 साली मांडलेल्या ‘दारा’च्या सिद्धान्तानुसार जाड स्पर्शतंतूंना उत्तेजित केले की मज्जारज्जूत वेदनेच्या बारीक तंतूंचा निरोप आत येताना अडवला जातो, आपण आपटलेले कोपर चोळतो तेही बहुधा ह्याच कारणाने. त्यासाठी सेकंदाला ऐंशी ते शंभर अरुंद ठोके आणि स्नायू न हलता फक्त सुखद मुंग्या येतील इतकाच करंट पुरतो. दुसरी रीत उलटी आहे: सेकंदाला दोन ते चार रुंद ठोके, स्नायू ठळक फडकतील इतक्या जोराने, तिचा परिणाम उशिरा येतो, पण यंत्र बंद केल्यावरही टिकतो, आणि त्यामागे शरीरातील अफूसदृश द्रव्यांचा हात असल्याचे मानतात. मला पहिल्या रीतीने तासभर बरे वाटे आणि नंतर कंबर पुन्हा पूर्वपदावर येई. रात्री पेपर वाचत बसायला हे वाईट नाही, पण ह्याला उपचार म्हणवत नाही. माझ्या थोरल्या बहिणीला मात्र मी ते हातही लावू दिले नाही, कारण तिच्या छातीत पेसमेकर आहे. गरोदर बाईच्या पोटावर, गळ्याच्या पुढच्या बाजूला, रक्ताची गुठळी झालेल्या पायावर, कर्करोगाच्या गाठीवर हे लावायचे नसते. ज्या कातडीला टोकदार आणि बोथट यातला फरक कळत नाही तिथेही नाही. मधुमेहाने बधिर झालेल्या पावलांची संख्या आमच्या भागात थोडी नाही, आणि तिथे भाजले तरी कळणार नाही. बाईंनी पत्नीच्या पायावर पहिल्यांदा यंत्र लावण्याआधी टाचणीने हीच परीक्षा घेतली होती. विकताना दुकानात हे कोणी विचारले नाही.

आता प्रश्न उरतो तो श्रेयाचा. पत्नीचे पाऊल अकराव्या आठवड्यात आपणहून बोटभर वर आले आणि तीन महिन्यांनंतर ती चप्पल घालून गावच्या बाजाराला चालत गेली. दबलेल्या जागी तंतूवरचे वेष्टन शरीर स्वतःच दुरुस्त करते आणि अशा रुग्णांत बहुतेकांना काही आठवड्यांत ते साधते. यंत्राने तो वेग वाढवला असे मी म्हणणार नाही आणि बाईंनीही तसे म्हटले नाही. त्या मधल्या काळात स्नायू अगदीच निकामी बसून राहिला नाही, टाचेमागची शीर आखडली नाही (ह्यात रोजच्या ताण देण्याच्या व्यायामाचा आणि रात्री पावलाला बांधायच्या पट्टीचा वाटा मोठा), आणि पाऊल उचलणे म्हणजे काय हे पायाला विसरू दिले नाही, इतपत श्रेय मी यंत्राला देतो. 1961 साली लिबरसन यांनी अर्धांगवायूच्या रुग्णांच्या बुटात टाचेखाली कळ बसवून, पाऊल जमिनीवरून उचलले जाताच ह्याच पेरोनियल मज्जातंतूला करंट मिळेल अशी सोय केली होती. ते चालताना वापरायचे साधन होते. आमचे यंत्र त्याचे गरीब चुलत भावंड आहे, आणि बसल्या जागी वापरायचे आहे.

ज्याची नसांची तपासणी झालेली आहे, तंतू शाबूत असल्याचे ज्याला सांगितले गेले आहे आणि ज्याला पॅडाची जागा कोणी जाणत्याने बॉलपेनने खुणावून दिली आहे, त्याने हे घ्यावे. बाकीच्यांनी साडेचार हजार आधी फिजिओकडे खर्च करावेत. पाचपैकी मी यंत्राला तीन, पुस्तिकेला शून्य आणि खोक्यावरच्या मजकुराला उणे एक देतो. सध्या ते बॅटरी काढून कपाटात ठेवले आहे. पॅडांची न उघडलेली एक जोडी शिल्लक आहे, आणि यंदा भुईमुगाच्या भांगलणीला पत्नी बसायला पाट घेऊन जाणार आहे.